पॉप-अपमुक्त चौसाळा

१२ जून, गुरुवार. सकाळी सव्वानऊ

आजपासून रोजनिशी. कालच्या प्रकाराची माझी बाजू कुठंतरी लेखी असावी म्हणून. चौसाळ्यात तोंडी बाजूला किंमत न्हाई. बसस्टँडपासून मशिदीपर्यंत जाईस्तोवर तिची भलतीच बाजू होऊन बसते.

प्रकार असा. दुपारी मुक्ताबाई आल्या. बचत गटाच्या अध्यक्ष. सोबत सहा बाया. गटाचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. मी स्क्रीन मुद्दाम गिऱ्हाइकाकडं वळवून ठेवतो, पारदर्शक कारभार म्हणून. आधार नंबर टाकत होतो तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातून एक खिडकी वर आली. खिडकीत एक बाई. कपडे कमी. खाली मराठीत लिहिलेलं: "चौसाळ्यातली रिया तुमची वाट बघतेय." ती बंद करायला गेलो तर दुसरी आली. रियाची मैत्रीण.

मुक्ताबाईंनी चष्मा लावला, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "वाहेदभाई, ही कुणाची वो? आपल्या चौसाळ्यातली तर वाटंना."

सहाही बाया हसल्या. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर तिघांनी मला रियाची खुशाली विचारली.

आता ही रिया माझ्या कॉम्प्युटरात आली कुठून. मागच्या महिन्यात फुकट क्रिकेट दाखवणाऱ्या एका साइटवर मी गेलतो. एकदाच. तिनं विचारलं, नोटिफिकेशन पाठवायची परवानगी आहे का. मी "अलाऊ" दाबलं. दारात आलेल्याला न्हाई म्हणायची आमच्या घराण्यात रीत न्हाई. पण तो विषय वेगळा. हे पॉप-अपचं काम आहे.

संकल्प: आजपासून वाहेद ऑनलाइन सेंटरमध्ये पॉप-अप दिसणार नाही.

दुपारी ३. झालं. दोन कॉम्प्युटर, दोन्हीत दोन-दोन ब्राउझर, चारीकडं पॉप-अप ब्लॉक. सेटिंगमध्ये "परवानगी असलेल्या साइट" म्हणून एक यादी सापडली. नऊ पत्ते होते, बहुतेक सरकारी. कुणी घातले माहीत न्हाई. सगळे उडवले. वशिला बंद, सगळ्यांना एकच नियम. वर जाहिरात अडवणारे दोन प्रोग्राम टाकले. एक राखणीला, दुसरा पहिल्यावर नजर ठेवायला.

सोळा वर्षं मी जळालेल्या मोटारी भरल्या. तांब्याची तार, हजारो फेरे, एक फेरा चुकला की मोटार खलास. ब्राउझर म्हणजे काय, बिनतारेचं वाइंडिंग.

१३ जून, शुक्रवार

पाटी रंगवून आणली. "पॉप-अपमुक्त सेंटर. महिलांसाठी सुरक्षित." बाहेर लावली. रस्त्यापलीकडून नाथा बघत होता. त्याचंही नेट सेंटर आहे. ट्रॅव्हल्सची तिकिटंही काढतो, पॅनकार्डही करतो, आणि कुणी विचारलं तर मोबाइलला काचही लावून देतो. ज्याला एक काम येत न्हाई तो पाच करतो.

रिया आज दोनदा आली. पण पूर्वीसारखी ऐटीत न्हाई, कोपऱ्यातून, चोरासारखी. दबाव जाणवतोय तिला.

१४ जून, शनिवार

बंकट आला, लेकीला घेऊन. बंकट मेंढरं राखतो, साठ-पासष्ट डोई असतील. लेक बबिता. बारावी सायन्स, एकाहत्तर टक्के. नर्सिंगला जायचंय. त्यांच्या वस्तीवरून आजवर कुणी दवाखान्यात गेलं असेल तर आजारी म्हणूनच. बंकट म्हणाला, "वाहेदभाई, ह्ये काम तुमच्याच हातून व्हायला पायजे. आमची मोटार तुमी भरलती, बारा वर्सं झाली, आजून चालती." मी म्हणालो, "बंकटराव, समजा पोरगी नर्स झाली." तो लगेच हात जोडायला लागला. मी थांबवलं. काम झाल्यावर जोडा म्हणालो.

शेवटची तारीख २४ जून, संध्याकाळी पाच. भरपूर दिवस.

नाव नोंदवलं, ओटीपी आला, लॉगिन झालं. आत एकच बटण. "पुढे जा." दाबलं. काही झालं न्हाई. परत दाबलं. न्हाई. ब्राउझरनं मात्र वरच्या पट्टीत, उजव्या टोकाला एक बारीक चिन्ह दाखवलं, लाल फुलीचं, आणि लिहिलं: "पॉप-अप ब्लॉक केला."

शाब्बास. म्हणजे गिऱ्हाइकासमोर आत्ता रिया येणार होती आणि माझ्या सेटिंगनं अब्रू वाचवली. बंकटला दाखवलं. त्याला फार बरं वाटलं.

"पुढे जा"चं कारण उघड आहे. सर्व्हर डाऊन. सोमवारी बोलावलं.

१६ जून, सोमवार

सर्व्हर अजून डाऊन. बंकट मेंढरं चुलतभावाच्या हवाली करून चार किलोमीटर आलता. "कावून उघडंना झालंय?" म्हणाला. मी त्याला सर्व्हर म्हणजे काय ते समजावलं. विहिरीवर एकदम शंभर जणांनी मोटार लावली की पाणी कुणालाच मिळत न्हाई, तसं. त्याला पटलं. बबितानं विचारलं, "चाचा, मग ह्या खाली काय लिव्हलंय?"

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: "कृपया आपल्या ब्राउझरमधील पॉप-अप ब्लॉकर बंद करा."

पोरगी हुशार आहे पण अनुभव न्हाई. मी तिला समजावलं की चोर दारावर चिठ्ठी लावतो, कृपया कुलूप काढून ठेवा. म्हणून आपण काढतो का? ती म्हणाली, "पण चाचा, ही चिठ्ठी सरकारच्या साइटवर हाय." मी म्हणालो, तोच तर धोका आहे.

जेवताना नाजियानं विषय काढला. नाजिया म्हणजे माझी बायको. सेंटरवर झेरॉक्स आणि लॅमिनेशन बघते. दहावी मराठी मीडियम, त्यामुळं ही रोजनिशी वाचू शकते, पण तिला वेळ न्हाई. म्हणाली, "अजी, ते लाल फुलीचं चिन्ह दाबून बघा. त्यात 'नेहमी परवानगी द्या' असं येतं. तेवढ्या एका साइटला परवानगी द्यायची, बाकीच्या बंदच राहतात."

मी शांतपणे म्हणालो, तू लॅमिनेशन बघ.

तिनं ताटात अजून एक भाकरी वाढली. पटलं असावं.

१७ जून, मंगळवार. रात्री जेवणाआधी

दिवसभर बीडला. नवीन माउस घेतला, जुन्याच्या "पुढे जा" बटण ओळखण्यात काही गडबड असू शकते. अँटिव्हायरसही घेतला. दुकानदारानं विचारलं, प्रॉब्लेम काय आहे. सांगितलं. तो म्हणाला पॉप-अप अलाऊ करा. बीडसारख्या ठिकाणी ही अवस्था. मी त्याच्याशी वाद घातला न्हाई, माउस घेतला आणि निघालो.

आल्यावर नाजियाला विचारलं, कुणी आलतं का. म्हणाली, बबिता आलती, बसली थोडा वेळ. मला वाईट वाटलं. बिचारी माझी वाट बघत बसली असणार.

बाकी सेंटर जसंच्या तसं. चारी ब्राउझरची सेटिंग तपासली. सगळं ब्लॉक. निर्धास्त.

१८ जून, बुधवार

नवीन माउसनं "पुढे जा" दाबलं. आवाज चांगला येतो. बाकी तसंच.

आणखी तीन गिऱ्हाइकं परत गेली. एकाचं उत्पन्नाचं प्रमाणपत्र प्रिंटच होईना, एकाची पावती उघडंना, एकाला पेन्शनचं काहीतरी. सगळीकडं सर्व्हर डाऊन. देशाची अवस्था गंभीर आहे.

तिघंही नाथाकडं गेले आणि हातात कागद घेऊन बाहेर आले. नाथाकडं सगळंच उघडतं. ज्याच्या दुकानात सगळंच उघडतं त्याच्यापासून सावध राहावं.

बंकटला फोन केला. म्हणालो, काळजी करू नका, अर्ज मीच भरणार. तो म्हणाला, "व्हय व्हय." मग थोडा थांबला आणि म्हणाला, "भाई, तुमी नका लई तरास करून घेऊ." असा माणूस. स्वतःच्या लेकीचं भवितव्य टांगणीला आणि काळजी माझी.

१९ जून, गुरुवार

विचार आला की संकट फक्त माझ्या सेंटरपुरतं न्हाई. पूर्ण गावाला शहाणं करणं गरजेचं आहे. मुक्ताबाईंच्या अंगणात शिबिर घेतलं. विषय: पॉप-अपपासून बचाव. अकरा बाया हजर. मी पस्तीस मिनिटं बोललो. उदाहरणं दिली. घरात खिडकी कुठं असावी हे आपण ठरवतो, मग मोबाइलमध्ये दुसऱ्यानं येऊन खिडकी का पाडावी. हे वाक्य फार चांगलं आलं. कुणी लिहून घेतलं न्हाई म्हणून इथं लिहितो.

बबिताही मागं बसली होती. शेवटी प्रश्न विचारा म्हणालो तर तिनं हात वर केला. "चाचा, कामाची खिडकी असंल तर?" मी म्हणालो उत्तम प्रश्न, आणि चहा आला.

त्यानंतर अकराही बायांच्या मोबाइलमध्ये स्वतःच्या हातानं सेटिंग करून दिली. मोफत. मुक्ताबाई म्हणाल्या, "वाहेदभाई, तुमची ती रिया आता काय करंल?" मी हसण्यावारी नेलं.

२० जून, शुक्रवार

जुम्याच्या नमाजेहून आलो तर सेंटरसमोर अकरा बाया. कुणाची गॅसची पावती उघडंना, कुणाचा सातबारा, एकीच्या पोराचा निकाल. मुक्ताबाईंचं बँकेचं पान पांढरं फटक. मी सांगितलं की आज देशभर सर्व्हर डाऊन आहे. मुक्ताबाई म्हणाल्या, "आमच्या सुनंच्या मोबाइलवर तर सगळं उघडतंय. तिनं तेवढं तुमचं भाषण ऐकलं न्हाई."

सगळ्या रस्ता ओलांडून नाथाकडं गेल्या. एकेक मोबाइल आत जात होता, अर्ध्या मिनिटात बाहेर येत होता. मी पाटीच्या आडून मोजलं. अकरा मोबाइल, सहा मिनिटं. एवढ्या घाईत केलेलं काम टिकत न्हाई.

नंतर नाथा दारात आला. म्हणाला, "वाहेदभाई, वाईट वाटून घेऊ नका. ती यादी असती ना, परवानगीची, त्यात सरकारी साइट टाकून ठेवत जा. मी नऊ-दहा टाकल्यात."

मी म्हणालो, नाथा, माझ्याकडंही नऊ होत्या. मी काढून टाकल्या.

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. विचारात पडला असणार.

२१ जून, शनिवार

रिया चार वेळा. आज तिच्यासोबत सांधेदुखीचं तेल पण होतं.

बंकट आणि बबिताला बोलावलं. आले. दोन तास बसले. मी बत्तीस वेळा "पुढे जा" दाबलं. वेगवेगळ्या प्रकारे. हळू, जोरात, दोनदा पटकन, आणि एकदा बिस्मिल्ला म्हणून. केबल काढून फुंकर मारून परत लावली. मोटारीत हा उपाय चालायचा.

बबिता शांत. नवलच वाटतं. तीन दिवस राहिलेत आणि पोरीच्या चेहऱ्यावर चिंता न्हाई. नाजियाशी हळू आवाजात बोलत होती, काय काय पुस्तकं लागतात, हॉस्टेलला गादी आपली न्यायची का त्यांची असते. मला भरून आलं. अर्ज भरला गेला न्हाई अजून आणि हिचा माझ्यावर इतका विश्वास.

बंकटनं बाटलीत दूध आणलं होतं. मेंढीचं न्हाई, शेजाऱ्याच्या म्हशीचं. म्हणाला, "भाई, तुमी दमलात."

संकल्प: सोमवारपर्यंत अर्ज. न्हाई तर मिशी ठेवणार न्हाई. (मला मिशी न्हाई. पण ठेवायचा विचार होता.)

२३ जून, सोमवार. दुपारी

सकाळी मदत केंद्राला फोन. चाळीस मिनिटं गाणं ऐकलं. मग एका मुलीनं उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, पॉप-अप अलाऊ केलंय का?" मी विचारलं, तुम्हाला हे वरून सांगायला लावलंय का. ती म्हणाली, हो सर. मी म्हणालो, वरून म्हणजे कुठून. फोन कट झाला.

आता माझ्या मतानं यामागं काहीतरी मोठं आहे. बीडचा दुकानदार, नाथा, मदत केंद्र, माझी स्वतःची बायको. सगळे एकच वाक्य बोलतात. एवढी माणसं एकच गोष्ट बोलायला लागली की समजावं, कुणीतरी शिकवलंय.

नाजियाला हे सांगितलं. ती लॅमिनेशन करत होती. मशीन बंद केली आणि म्हणाली, "किंवा तेच खरं असंल."

विचार करून सांगतो म्हणालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

विचार केला. आठवलं की बाप म्हणायचा, वाहेद, मोटार फिरत नसंल तर आधी बघ बटण चालू आहे का. मी नेहमी मोटार उघडूनच बघायचो. बापाला ते आवडायचं न्हाई. पण बाप कॉम्प्युटरच्या आधी गेला. त्या काळातल्या गोष्टी आता लागू होत न्हाईत.

तरी एक कबूल करतो, कारण हे कुणी वाचणार न्हाई. उद्या पाच वाजले आणि बटण उघडलं न्हाई तर त्या पोरीचं वर्ष जाईल. बंकट मला काही बोलणार न्हाई. मेंढरं घेऊन दारावरून जाईल आणि रामराम घालेल. तेच सहन व्हायचं न्हाई.

२४ जून, मंगळवार. सकाळी ८

आज शेवटचा दिवस. पूर्ण आत्मविश्वास. बंकटला फोन करून दोघांना तीन वाजता बोलावलं. तो म्हणाला, "भाई, याच्याबद्दल जरा बोलायचं व्हतं." मी म्हणालो, बोलणं नंतर, आधी काम.

दुपारी १. न्हाई.

३ वाजून १०. दोघं आले. बाकड्यावर बसले. नाजियाही आज लॅमिनेशन सोडून आत येऊन उभी. बंकटनं दोनदा तोंड उघडलं. मी हातानं थांबवलं. लक्ष लागत न्हाई.

४ वाजून २०. न्हाई. हात ओले झालेत, नवीन माउस घसरतो.

संध्याकाळी साडेसात

सगळं क्रमानं लिहितो.

पाचला एकोणीस मिनिटं कमी असताना मी निर्णय घेतला. तत्त्व एका बाजूला आणि पोरगी एका बाजूला. मी खुर्ची अशी सरकवली की स्क्रीन माझ्या पाठीआड गेली. पारदर्शक कारभार थोडा वेळ बंद. लाल फुलीच्या चिन्हावर बाण नेला. दाबलं. खरंच तिथं लिहिलेलं होतं, या साइटला नेहमी परवानगी द्या. दाबलं. मग "पुढे जा."

खिडकी उघडली. पटकन. जणू दहा दिवस दाराला कान लावून उभी होती.

रिया न्हाई. वर सरकारी चिन्ह, खाली बबिताचा फोटो. फोटो बघून मी चक्रावलो. फोटो मी टाकलाच नव्हता. खाली हिरव्या अक्षरात: "आपला अर्ज दिनांक १७ जून, दुपारी १ वाजून १२ मिनिटांनी निश्चित झाला आहे. पुन्हा सादर करण्याची आवश्यकता नाही."

पहिला विचार, हॅकिंग. तसं मी मोठ्यानं बोललोही. मागं वळून बघितलं तर बबिता स्वतःच्या चपलेकडं बघत होती आणि बंकट पंख्याकडं.

नाजिया म्हणाली, "तुम्ही बीडला गेलता ना, त्या दिवशी भरला."

मी विचारलं, कुठल्या कॉम्प्युटरवर.

म्हणाली, "ह्याच."

त्या एका साइटला परवानगी दिली, बबितानं सगळं स्वतः टाइप केलं, कागद नाजियानं स्कॅन केले, तासाभरात काम झालं. मग नाजियानं परवानगी परत काढून ठेवली. मी विचारलं, परत का काढली. ती म्हणाली, "तुम्ही आल्यावर सेटिंग तपासणार, हे मला माहीत होतं."

मी बबिताला विचारलं, मग शनिवारी दोन तास कशाला बसलात. आज कशाला आलात.

ती म्हणाली, "चाचा, तुमी बोलवलं म्हणून."

बंकट म्हणाला, "भाई, मी दोनदा सांगायला बघितलं. फोनवर बी बघितलं. पर तुमी इतकं मनापासून करीत व्हता, आता कसं सांगावं. म्हनलं, तुमच्या हातून बी एकदा झालं की तुमालाच कळंल. न्हाई तर पाच वाजत्याल."

पाच वाजले. कुणी काही केलं न्हाई. नाजियानं चहा ठेवला. सगळ्यांनी पिला. चहा चांगला होता.

२५ जून, बुधवार

शांतपणे विचार करता, नोंदणी माझ्या हातची. १४ तारखेला नाव, ओटीपी, लॉगिन सगळं मी केलं. पाया माझा. नाजियानं फक्त वरचं बांधकाम केलं. हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली बरोबर आहे. ती भांडली असती तर मला जास्त पटलं असतं.

दुपारी तिनं कॉम्प्युटर दोन मिनिटं मागितला. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये गेली, त्या क्रिकेटच्या साइटचं नाव शोधलं, काढून टाकलं. रिया आणि पॉप-अपचा काही संबंधच नव्हता म्हणे. मी अलाऊ केलं होतं म्हणून ती येत होती. चार सेकंदांचं काम. मग परवानगीच्या यादीत नऊ सरकारी पत्ते एकेक करून परत घातले, पाठ असल्यासारखे. मी विचारलं, आधीचे कुणी घातलते. तिनं दहावा घातला.

संध्याकाळपर्यंत सोळा गिऱ्हाइकं. सर्व्हर एकदाही डाऊन झाला न्हाई.

२ जुलै, बुधवार

नाजिया कॉम्प्युटरवर, मी झेरॉक्सवर. तात्पुरती व्यवस्था. झेरॉक्समध्ये सुधारणेला फार वाव आहे. आतून उघडून बघणार होतो. नाजिया म्हणाली, चालू आहे तर राहू द्या.

११ जुलै, शुक्रवार

यादी लागली. बबिताचं नाव आहे, बीडलाच मिळालं. बंकट मेंढरं चारायला नेताना वाटेतच थांबला, सगळा कळप घेऊन, आमच्या दारासमोर. बबिताला प्रवेशाचं पत्र प्रिंट करायचं होतं. नाजियासमोर पाच जणांची रांग. रांगेतल्या लोकांनी बबिताला पुढं जाऊ दिलं.

मीही आत निघालो. बबिताच्या पत्राच्या वेळी मी तिथं असावं असं मला वाटत होतं. बंकटनं माझ्या हातात काठी दिली. म्हणाला, "भाई, आत भाभी बघत्यात. तुमी जरा मेंढरांकडं बघा, मी बी एकदा बघून येतो पोरीचा कागद."

बापाला पहिल्यांदा बघू द्यावा, हे बरोबर होतं. मी काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ट्रक हॉर्न वाजवत होते. मेंढरं माझ्याकडं बघून समजून चुकली की हा आपला न्हाई, आणि पसरली. मी एकीला वळवायचो तर चार सुटायची. आतून नाजियाचा आवाज आला, ती मोठ्यानं वाचून दाखवत होती, उमेदवाराचे नाव, बबिता बंकट. मी दाराकडं बघत राहिलो.

बंकट बाहेर आला. डोळे पुसले, काठी घेतली, नजरेनंच कळप मोजला आणि म्हणाला, "दोन कमी हायेत."

नाथा त्याच्या सेंटरमधून बाहेर आला, दोन्ही हातांनी दोन मेंढ्या धरून. दोघी त्याच्या तिकिटांच्या काउंटरखाली जाऊन बसल्या होत्या. रस्ता ओलांडून त्यानं त्या बंकटच्या हवाली केल्या आणि माझ्याकडं बघितलं.

काही बोलला न्हाई. बोलला असता तर उत्तर तयार होतं माझ्याकडं.